विणकर मुंगीचे नामशेष नातलग

हिरवी पाने जोडून झाडावर घरटे बांधणारी, कडकडून चावणारी तांबडी मुंगी म्हणजे विणकर मुंगी. गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलपट्ट्यात ती राहते. तिचे शास्त्रीय नाव इकोफिला स्मॅरग्डिना. इकोफिला प्रजातीच्या आज दोनच जाती उरल्या आहेत: एक आशिया-ऑस्ट्रेलियात, दुसरी आफ्रिकेत. नामशेष जाती मात्र दहाहून अधिक, आणि त्यांतल्या बऱ्याचशा सापडल्या त्या युरोपात, जिथे आज ही मुंगी औषधालाही नाही.

त्यांपैकी इकोफिला ब्रिश्की ही जात बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरात मिळाली. ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञ गुस्ताव मायर याने १८६८ मध्ये तिचे वर्णन केले. अंबर, म्हणजेच तृणमणी, ही झाडाची अश्मीभूत राळ. खोडावरून ओघळणाऱ्या चिकट राळेत मुंगी अडकते, वरून आणखी थर चढतात, हवेचा संपर्क तुटतो आणि शरीर कुजण्याआधीच बंदिस्त होते. म्हणून कोट्यवधी वर्षांनंतरही स्पर्शिकांचे सांधे मोजता येतात.

शरीर टिकते, वागणूक टिकत नाही. आजच्या विणकर मुंग्या साखळी करून पाने ओढतात आणि स्वतःच्या अळ्या जबड्यात धरून त्यांच्या रेशमाने ती शिवतात. प्रौढ मुंगीला रेशीम येत नाही. ब्रिश्की असेच शिवणकाम करत होती का, हे अंबरातल्या एकट्या मुंगीवरून ठरवणे घाईचे होईल. अधिक बोलका पुरावा केनियातला आहे. व्हिक्टोरिया सरोवरातल्या म्फांगानो बेटावर, अंबरात नव्हे तर खडकात, इकोफिला लीकीची वसाहतच अश्मीभूत झालेली मिळाली. एडवर्ड विल्सन आणि रॉबर्ट टेलर यांनी १९६४ मध्ये ती अभ्यासली. त्यात कामकरी मुंग्यांबरोबर अळ्या आणि कोषही होते. कामकऱ्यांचे मोठ्या-लहान असे दोन गट तर आजच्यासारखेच होते. आज मोठ्या बाहेरची कामे करतात, लहान घरट्यात पिल्ले सांभाळतात.

गोंदियात अंबर शोधणे मात्र व्यर्थ. जिल्ह्यातल्या आमगावचा नाइस खडक २०० कोटी वर्षांहून जुना. तेव्हा राळ गाळणारे झाडच पृथ्वीवर नव्हते. महाराष्ट्राला जवळचा कीटकयुक्त अंबर गुजरातेत, सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीत मिळाला आहे. तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांच्या राळेपासून तो बनला असून त्यात मुंग्याही सापडल्या आहेत.

युरोपातल्या जाती का संपल्या याचे सर्वांत पटणारे कारण हवामान हे आहे. ही उष्ण प्रदेशातली मुंगी. वर्षभर पानांनी भरलेल्या झाडांवर तिचा संसार चालतो. इओसीन कालखंडाच्या अखेरीपासून पृथ्वी थंड होत गेली आणि युरोपातली तशी जंगले आटली.