एक, तीन, पाच, सात

शिवणाच्या तासाला सगळ्यात आधी जो टाका शिकवतात आणि पुढे ज्याला कुणी विचारत नाही, तो धावदोरा. सुई खाली, सुई वर, खाली, वर. संपला धडा. मग साखळी टाका येतो, काजटाका येतो, गाठीचा टाका येतो आणि धावदोरा कच्च्या शिलाईपुरता उरतो. टीप मारून झाली की ओढून काढायचा. मीही त्याला तेवढीच किंमत देत होते. एकदा एका पुस्तकात गडद निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची दाट नक्षी पाहिली. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटी, चौकटीत चौकट, तिच्या पोटात आणखी चौकट. वाटले, हे मागावरच विणले असणार. चित्राखाली लिहिले होते की हे हाताने भरलेले आहे आणि टाका एकच आहे, धावदोरा. भिंग आणून पाहिले. खरेच तसे होते.

ते कापड होते जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाचे, त्सुगारू या मुलुखातले. आजच्या आओमोरी प्रांताचा हा पश्चिम भाग. तिथे बर्फ अतोनात पडते आणि अशा थंडीत कपाशी येत नाही. येते ती 'असा', म्हणजे भांगेच्याच जातीची वनस्पती. तिच्या सालीचा वाख काढायचा, त्याचे सूत करायचे, कापड विणायचे आणि निळीत बुडवायचे. हे कापड उन्हाळ्यात सुखाचे, पण वीण विरळ. हिवाळ्यात वारा त्यातून आरपार जाणार. बाहेरून आलेले सुती कापड घ्यावे, तर एक तर ते महाग, आणि दुसरे म्हणजे मनाई. 1724 साली तिथल्या संस्थानाने काटकसरीचा हुकूम काढला आणि शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी केली.

बायकांनी काय केले, तर कापड वाखाचेच ठेवले आणि त्याची भोके दोऱ्याने बुजवली. आधी तो दोराही वाखाचाच होता. पुढे सुती दोरा हाती येऊ लागला. कापड सुती नाही, दोरा तेवढा सुती. हुकूम मोडला म्हणावा तर मोडला नाही, आणि अंगाला ऊब मात्र मिळाली. ओळीमागून ओळ इतकी दाट की विणीतली भोके बुजून जातात, दोऱ्यांच्या थरात हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच माणसाला गरम ठेवते. त्याच टाक्यांनी खांद्यावरचे कापड अधिक टिकाऊही होते. कामावर घालायच्या आखूड अंगरख्याला तिथे 'कोगिन' म्हणत. नक्षीलाही तेच नाव पडले.

आता नक्षी कुठून आली ते पाहा. मला याचेच सगळ्यात जास्त नवल वाटते.

कोगिन भरताना कापडावर काही छापत नाहीत, आखत नाहीत. सुई आडवी चालते आणि उभे धागे मोजते. मोजायचे ते विषम आकड्यांत: एक, तीन, पाच, सात. पहिल्या ओळीत दोऱ्याखाली एकच उभा धागा झाकला जातो. दुसऱ्या ओळीत तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे एकेक, म्हणजे तीन. तिसऱ्या ओळीत पाच, चौथ्या ओळीत सात. मग उतरायचे: पाच, तीन, एक. शंकरपाळे तयार. चित्र काढायचे असे कुणी ठरवले नव्हते, ते मोजण्यातून उगवले. आणि विषमच का? तर विषम संख्येला मध्य असतो. तिनातला दुसरा, पाचातला तिसरा, सातातला चौथा, हा एकच धागा कायम मध्यावर राहतो आणि आकार त्याच्या दोन्ही अंगांनी सारखा वाढतो. समचौकोनी विणीवर अशा सात ओळींची उंची आणि सात धाग्यांची रुंदी जुळतात. पण त्या हाती विणलेल्या कापडात उभे धागे दाट आणि आडवे विरळ असत, म्हणून तिथली चौकट थोडी उभट दिसते.

हे वाचताना मला आपली ठिपक्यांची रांगोळी आठवली. एक, तीन, पाच, सात, पाच, तीन, एक असे ठिपके अंगणात मांडून झाले की रेषा ओढण्याआधीच शंकरपाळे दिसू लागते. त्सुगारूच्या बाईने आपली रांगोळी पाहिलेली नाही आणि आपल्या आजीने त्सुगारूचे नावही ऐकलेले नसणार. मध्य धरून मोजायला बसलेला हात कुठेही याच आकाराशी पोचतो.

शेजारच्या नांबू मुलुखात याच थंडीत, याच वाखाच्या कापडावर, याच धावदोऱ्याने बायका सम आकड्यांत मोजत. त्यांची चौकट आडवी पसरते. त्या कामाला हिशिझाशी म्हणतात. मोजणी विषम की सम, एवढ्या फरकावर अंगरखा कुठला ते जाणकार सांगतो.

मोजणीतून जे छोटे आकार निघतात त्यांना त्सुगारूत नावे आहेत. मामेको म्हणजे शेंगेतला दाणा, नेकोमानाकू म्हणजे मांजरीचा डोळा, कुरुबिकारा म्हणजे अक्रोडाचे टरफल, तेकोनाको म्हणजे फुलपाखरू. शेवटचा 'को' हा त्या बोलीतला लाडाचा प्रत्यय. आपण इवल्याचे इवलुसे करतो, त्या जातीचा. ड्रॅगन नाही, राजवाडा नाही. अंगणात आणि स्वयंपाकघरात नजरेला पडेल तेवढेच नक्षीत आले. पांढरा दोरा मळून पिवळा पडला की सगळा अंगरखा पुन्हा निळीत बुडवत. मग नक्षी रंगाने दिसत नाही, उठावाने दिसते. निळ्यावर निळी.

दक्षिणेला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, याच टाक्याचे वेगळेच काम होते. जाड सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे, याला साशिको म्हणतात. शब्दाचा अर्थ बारीक टोचे. आग विझवणारे लोक असे डगले घालून, ते पाण्यात चिंब भिजवून आगीत शिरत. थरांमध्ये पाणी धरून राहते. डगल्याच्या आतल्या बाजूला वीरांची नाहीतर अक्राळविक्राळ प्राण्यांची रंगीत चित्रे असत. आग विझली की डगला उलटा करून तेच चित्र मिरवत घरी यायचे!

आता जरा बंगालकडे. तिथेही सुई खाली, सुई वर. वापरून मऊ झालेल्या साड्या आणि धोतरे यांचे काही पदर एकावर एक घालायचे, जुन्या साडीच्या काठातून रंगीत दोरा ओढून काढायचा आणि कांथा शिवायची. मधे कमळ, कोपऱ्यांत झाडे किंवा कोयऱ्या, मधल्या जागेत पालखी, मासे, हत्ती, जे सुचेल ते. जसीमुद्दीन यांचे 1929 चे 'नक्षी कांथार माठ' हे दीर्घकाव्य अशाच एका कांथेभोवती फिरते. त्यातली साजू आपल्या संसाराची कहाणी कांथेवर भरते आणि ती आपल्या कबरीवर पसरायला सांगते.

कांथेची खरी गंमत चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. कमळ भरून झाले की त्याच्या कडेकडेने पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा फिरवतात, त्याच्याबाहेर आणखी एक फेरा, मग आणखी एक. दोरा किंचित ओढला जातो, कापड चुरमडते आणि तळ्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा लाटा कमळाभोवती उठतात. कोगिनवाली बाई नेमके उलटे करते. प्रत्येक ओळ संपली की ती बोटांनी दोरा चोळत पुढे सरकवते, कापड सपाट करते, एकही सुरकुती राहू देत नाही. राहिली तर पुढच्या ओळीची मोजणी चुकेल. एकीने सुरकुती मोडली, दुसरीने ती नक्षीत घेतली. टाका दोघींचा एकच.

आपल्या गोधडीलाही ही सुरकुती असते. हिवाळ्यात तिच्यावरून हात फिरवा, कळेल. खाली कारवारकडे, यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि ठिगळे बसवत, चौकोनी फेऱ्या घेत आत-आत येऊन मध्यावर थांबतात. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीची तिकोनी 'फुलां' लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत.

मोजून भरायचे म्हटले तर त्सुगारूपर्यंत जायचीही गरज नाही. धारवाड-हुबळीची कसुती आहेच. कोल्हापूर-सोलापूरच्या घरांतून इरकली साडी नवी नाही, तिच्या पदरावर ही कसुती शोभते. काळ्या चंद्रकळीवर पांढरी किंवा रंगीत कसुती पाहिली असेल, तर कोगिन परकी वाटणार नाही. कसुतीतही छाप मारत नाहीत, धागे मोजतात. तिचे चार टाके: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे मेथी, हा आपला फुलीचा टाका. नेगी म्हणजे विणल्यासारखा. आडव्या ओळींचा लांब-आखूड धावदोरा. हे वर्णन परत वाचा. कोगिन याहून वेगळी ती काय?

गवंती त्याहून हुशार. सुई धावदोरा घालत एका टोकाला जाते, मग त्याच वाटेने परत फिरते आणि जाताना सोडलेल्या जागा येताना भरते. रेघ अखंड होते आणि कापडाची सुलटी-उलटी सारखीच दिसते. गोपूर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, सगळे या जाण्या-येण्यातून उभे राहते. रथ भरायला बसण्याआधी सुई कुठून निघेल, कुठे वळेल आणि प्रत्येक वाट जाताना एकदा आणि येताना एकदाच तुडवून घरी कशी येईल, हे डोक्यात ठरलेले असावे लागते. यंत्रमागवाल्यांनी याची कितीही नक्कल केली तरी उलटी बाजू बघितली की चोरी उघडी पडते. हाच टाका युरोपात 'होल्बाइन' नावाने ओळखतात. हान्स होल्बाइन हा सोळाव्या शतकातला चित्रकार. त्याने आयुष्यात सुई धरली असेल असे वाटत नाही, पण इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या माणसांची चित्रे काढताना त्यांच्या बाह्यांवरची आणि गळपट्ट्यांवरची काळ्या रेशमाची नक्षी त्याने इतकी नेमकी रंगवली की टाक्याला त्याचेच नाव लागले. ज्या बायकांनी त्या बाह्या भरल्या, त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

कोगिनचे पुढे काय झाले? जुनी राजवट गेली, बंदी उठली आणि 1891 मध्ये टोकियोहून आओमोरीपर्यंत रेल्वे पोचली. गाडीतून सुती कापड आले आणि कोगिन मागे पडली. हळहळ वाटते खरी, पण त्या बायकांच्या जागी मी असते तर मीही सुई खाली ठेवली असती. महिनोन्‌महिने डोळे फोडून अंगरखा भरायचा की तयार ऊबदार कापड घ्यायचे? 1932 मध्ये लोककलांचे अभ्यासक यानागी सोएत्सू यांनी आपल्या 'कोगेई' मासिकात कोगिनवर लेख लिहिला आणि लोकांचे डोळे तिच्याकडे वळले. हिरोसाकी शहरात आज कोगिनची एक संस्था आहे. ती ज्या इमारतीत आहे तीही 1932 चीच, वास्तुकार माएकावा कुनिओ यांची पहिली.

परदेशी भरतकामातून काही घ्यायचे असेल तर बहुतेक जणी नक्षीचा फोटो काढतात, मोठा करतात आणि कापडावर उतरवतात. मला ते पटत नाही. नक्षी उचलली की नक्षीच मिळते. नियम उचलला, तर त्यात आपले काहीही बसते. विषम मोजायचे, मध्य सोडायचा नाही, टाका आडवा, एवढाच कोगिनचा नियम. त्यात मांजरीच्या डोळ्याऐवजी बोराची बी, तिळगुळाचा दाणा, जात्याचा खुंटा, काय हवे ते मोजून बसवा आणि त्याला आपले नाव द्या. किंवा कांथेकडून सुरकुती घ्या आणि एखाद्या कोयरीभोवती पाच-सहा फेरे फिरवून पाहा.

मी सुरुवात केली ती शाळेत फुलीच्या टाक्यासाठी घेतो त्या मॅटीवर. तिचे विणीचे चौकोन डोळ्यांना सहज दिसतात. एक चौकोन म्हणजे एक धागा धरायचा. आधी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने आकार मांडला. सुई बोथट टोकाची हवी, नाहीतर ती धागा फोडून मधूनच घुसते. दोरा वळलेला नको, सैलसर सुती बरा, म्हणजे तो पसरून भोके भरतो. ओळ संपली की बोटाने चोळायचे विसरू नका. आणि एक काम सगळ्यात आधी करा: कापडाच्या बरोबर मधल्या धाग्यावरून लाल दोऱ्याचा एक उभा कच्चा धावदोरा घालून ठेवा. मी घातला नव्हता. बाराव्या ओळीला कळले की पाचव्या ओळीतच एक घर सरकले आहे. आठ ओळी उसवल्या.