समेवर येणारे यंत्र

गवयाची तान रंगात आली आहे आणि तबलजीने समेच्या दोन मात्रा अलीकडेच हात उचलला, तर श्रोत्यांचा केवढा हिरमोड होईल! संगणकावरच्या खेळांत हा रसभंग पावलोपावली होऊ शकतो. माझा एक माजी विद्यार्थी असले खेळ रचतो. मी पडलो मराठीचा मास्तर. वृत्ताच्या मात्रा मोजण्यापलीकडे माझे गणित जात नाही. पण त्याचे बोलणे ऐकताना वाटले, अरे, हा तर आपल्याच घरचा विषय!

चित्रपटातले संगीत ठरल्या क्षणी वाजते. खेळाचे तसे नाही. खेळणारा दोन मिनिटांत दार उघडील, नाहीतर तासभर उंबऱ्यावर रेंगाळेल. दार उघडले की संगीताने चालू जागा सोडून दुसरीकडे उडी घ्यायची. ग्रामोफोनची सुई उचलून पुढे ठेवावी, तसेच हे. आणि सुईसारखीच इथेही ‘खट्ट’ होण्याची भीती! सीडीच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. लाट उंचावर असताना तोडून सखल जागी जोडली, की सांध्यावर टिचकी वाजते. म्हणून काही सहस्रांश सेकंदांत जुना आवाज मावळवून नवा उगवू द्यायचा.

एमपी३ ध्वनीत आणखी एक अडचण. तिथे नमुन्यांचे गठ्ठे बांधलेले असतात. ११५२ नमुन्यांचा एक गठ्ठा, म्हणजे सुमारे २६ सहस्रांश सेकंद. नेमकी जागा गाठायची तर आधी गठ्ठा सोडायचा, मग नको ते नमुने टाकून द्यायचे. हवी ती ओवी शोधताना पोथीचे अख्खे पान उघडावे लागते ना, तसेच!

एवढे करून टिचकी जाते. ताल सांभाळायचा राहतोच. लुकासआर्ट्स कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी त्यासाठी ‘आयम्यूज’ नावाची यंत्रणा रचली. १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’ या खेळात ती प्रथम ऐकू आली. त्यात मोडक्या गलबतांवर वसलेले वुडटिक नावाचे गाव आहे. नायक एका गलबतातून दुसऱ्यात शिरला की संगीत लगेच उडी मारीत नाही. सोयीची जागा येईपर्यंत थांबते, मग एखादा जोडतुकडा वाजवून अलगद नव्या चालीत शिरते.

तिथे स्वर सुरू करण्याची आज्ञा वेगळी आणि थांबवण्याची वेगळी. उडी घेताना दुसरी आज्ञा मागे राहिली, तर तो स्वर अखंड वाजतच राहायचा! त्याचीही आठवण ठेवावी लागते.

खरा पेच पुढेच आहे. सम येईपर्यंत फार थांबावे, तर शत्रू अंगावर आला तरी संगीत आपले संथच. न थांबावे, तर चाल मोडते. माझा विद्यार्थी लढाईच्या प्रसंगी पुढची मात्रा येताच उडी घेऊ देतो. गावातून नुसते भटकताना मात्र पूर्ण आवर्तन होऊ देतो. कवितेत शब्द भलत्याच जागी तुटला की आम्ही त्याला यतिभंग म्हणतो आणि कवीचे गुण कापतो. या मुलाचे मात्र मी पैकीच्या पैकी गुण दिले असते!