अंकीय व्हिडिओ चित्रणातील वर्णपातळी

अंकीय व्हिडिओ फाइलीत प्रत्येक चित्रबिंदूची दीप्ती व वर्ण अंकांच्या रूपाने साठविलेले असतात. या अंकांना वर्णपातळ्या म्हणतात. कोणता अंक म्हणजे काळा व कोणता म्हणजे पांढरा, याविषयी चित्रण करणारे साधन आणि चित्र दाखविणारे साधन यांचा मेळ बसला नाही, तर चित्र फिके वा अतिगडद दिसते किंवा त्यातील रंग बदलतात. यांपैकी काही दोष केवळ अंकांचा अर्थ चुकीचा लावल्याने उद्भवतात व ते पूर्णपणे दूर करता येतात. काहींत मात्र मूळ माहितीच नष्ट झालेली असते. हा भेद ओळखणे हे दोषनिवारणातील पहिले काम होय.

पातळ्यांचे मापन : आठ बिटांच्या फाइलीत ० ते २५५ असे २५६ अंक उपलब्ध असतात. संगणकावरील छायाचित्रांत ० म्हणजे काळा व २५५ म्हणजे पांढरा असा पूर्ण पल्ला वापरतात. दूरचित्रवाणीत मात्र काळ्याची पातळी १६ व पांढऱ्याची २३५ मानतात. यास मर्यादित पल्ला म्हणतात. वर्णसंकेतांचा पल्ला १६ ते २४० असून १२८ हा त्यांचा मध्य, म्हणजे रंगहीन अवस्था असते. दोन्ही टोकांची मोकळी जागा संकेतातील क्षणिक चढउतार सामावून घेण्यासाठी ठेवलेली असते. ही पद्धती १९८२ मध्ये संमत झालेल्या ६०१ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीने रूढ झाली. उच्च विभेदनाच्या दूरचित्रवाणीसाठी १९९० मध्ये ७०९ क्रमांकाची शिफारस आली. दीप्ती काढताना लाल, हिरवा व निळा या रंगांना द्यावयाचे भार या दोन शिफारशींत भिन्न आहेत. हिरव्याचा भार पहिलीत ०·५८७, तर दुसरीत सुमारे ०·७१५ आहे.

दोषांचे प्रकार : मर्यादित पल्ल्याची फाइल पूर्ण पल्ल्याची म्हणून दाखविल्यास काळा भाग राखी व पांढरा भाग मळकट दिसतो. याउलट पूर्ण पल्ल्याची फाइल मर्यादित मानल्यास १६ च्या खालील सर्व छटा काळ्यात व २३५ च्या वरील सर्व छटा पांढऱ्यात मिसळून जातात. आधीच मर्यादित असलेल्या पल्ल्याचे पुन्हा आकुंचन झाल्यास काळा सुमारे ३० वर व पांढरा सुमारे २१८ वर येतो. ६०१ व ७०९ यांची अदलाबदल झाल्यास करड्या छटा जशाच्या तशा राहतात. पण लाल व हिरवे रंग बदलतात. जुन्या कॅसेटीवरील चित्र मोठ्या आकारात रूपांतरित करताना हा दोष अनेकदा येतो, कारण फाइलीत नोंद नसेल तर काही साधने चित्राच्या आकारावरून शिफारस ठरवितात. अमेरिकेतील एन. टी. एस. सी. पद्धतीत काळ्याची पातळी ७·५ एककांनी वर ठेवीत असत. भारतातील पाल पद्धतीत ती शून्यावर असे. म्हणून परदेशस्थ कुटुंबांकडून आलेल्या कॅसेटींचे अंकीकरण करताना हा फरक लक्षात न घेतल्यास काळा भाग फिका उतरतो.

निदान : केवळ डोळ्यांवर व एका पडद्यावर विसंबणे योग्य नसते. तीच फाइल दोन साधनांवर वेगळी दिसल्यास दोष बहुधा अर्थ लावण्यात असतो. चित्राभोवतीच्या काळ्या पट्ट्यांचा किंवा आरंभीच्या काळ्या चौकटीचा अंक वाचल्यास पल्ला कळतो. पातळ्यांचे वितरण दाखविणारा आयतालेखही उपयुक्त असतो. त्यात फणीच्या दातांसारख्या मोकळ्या जागा दिसल्यास पल्ला कृत्रिम रीत्या ताणलेला असतो. टोकांशी उंच सुळका दिसल्यास छटा छाटल्या गेल्याची शक्यता असते.

उदा., भिवंडी (जि. ठाणे) या यंत्रमागांच्या शहरातील एखाद्या कारखान्याचे चित्रण घेतल्यास अंधाऱ्या कोपऱ्यातील यंत्रे आणि दारातून येणाऱ्या उजेडातील पांढरे कापड ही दोन्ही एकाच चौकटीत येतात. अनेक कॅमेरे अशा कापडाच्या छटा २३५ च्या वर नोंदवितात. चित्र दाखविताना या छटा एकसारख्या पांढऱ्या दिसल्या, तरी फाइलीत त्या शाबूत असतात आणि पातळी खाली आणल्यास ताण्याबाण्याची वीण पुन्हा दिसू लागते. तीच फाइल छाटलेल्या पातळ्यांसह नव्याने साठविली, तर सर्व धागे एकाच अंकाचे होतात व वीण कायमची जाते.

निवारण : मूळ फाइल न बदलता तिच्या प्रतीवर काम करतात. अंक बरोबर असून नोंद चुकली असेल, तर केवळ पल्ल्याची वा शिफारशीची नोंद दुरुस्त करणे पुरेसे असते. अंकच बदलावयाचे असल्यास मर्यादित पल्ल्यातील दीप्तीच्या अंकातून १६ वजा करून २५५/२१९ ने गुणतात; त्यामुळे १६ चा ०, १२६ चा १२८ व २३५ चा २५५ होतो. वर्णसंकेतांचे रूपांतर १२८ हा मध्य धरून स्वतंत्रपणे करतात. हे गणित दहा वा अधिक बिटांत केल्यास छटांमध्ये पट्टे पडणे टळते. प्रथम पातळी, नंतर शिफारस व शेवटी रंगांचा समतोल असा क्रम ठेवतात. छटा छाटल्या गेल्या असल्यास गणिताने त्या परत येत नाहीत. मूळ कॅसेटीकडे जाऊन, संकेताची पातळी अंकीकरणापूर्वीच कमी करून नव्याने अंकीकरण करावे लागते.

हा मार्ग मात्र दिवसेंदिवस अरुंद होत आहे. चुंबकीय फिती कालांतराने खराब होतात आणि व्ही. एच. एस. कॅसेट-यंत्रांची निर्मिती करणाऱ्या जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ मध्ये ते उत्पादन थांबविले. कॅसेट निकामी झाल्यावर अंकीय फाइल हाच एकमेव पुरावा उरतो. म्हणून अंकीकरणाच्या वेळीच पातळ्या तपासणे, पल्ला व शिफारस यांची नोंद फाइलीत करणे आणि निर्दोष प्रत हाती येईपर्यंत मूळ फीत जपून ठेवणे आवश्यक ठरते.