फेरफार केलेली ई-बाईक, अपघात आणि विमा
(लेखमाला : विमा समजून घेताना)

‘लायसन्स नको, पासिंग नको, विमाही नको’ असे सांगून विकली जाणारी छोटी ई-बाईक आज शहरात आणि तालुक्याच्या गावीही दिसते. क्लासला जाणारी मुले ती वापरतात, घरपोच जेवण नेणारेही वापरतात. विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे, पण एका अटीवर. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असल्याचे पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून प्रमाणित केले असेल, तर केंद्रीय नियमांनुसार ती गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. नोंदणी, लायसन्स आणि विमा यांतून मिळणारी सूट मुख्यतः या दोन आकड्यांवर उभी आहे.

हे आकडे मोडायला फार वेळ लागत नाही. काही गाड्यांत वेग रोखणारी एक वायर असते, ती सोडवली की काम झाले. काही ठिकाणी कंट्रोलर बदलतात, तर काही ठिकाणी ४८ व्होल्टच्या जागी ६० किंवा ७२ व्होल्टची बॅटरी बसवतात. गाडी पंचेचाळीस-पन्नासने पळू लागते. ब्रेक आणि टायर मात्र पंचविसाच्या हिशेबाचेच राहतात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले गणित इथे हाडांवर बेतते. अशा गाड्यांविरुद्ध मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने खास मोहीमही काढली होती.

आता समजा, अशा गाडीवर अठरा वर्षांचा मुलगा चालला आहे आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांना त्याची धडक बसली. वेगाची मर्यादा मोडलेली असल्याने गाडी आता कायद्याने मोटार वाहन ठरते. म्हणजे ती विनानोंदणी आहे, विनाविमा आहे, आणि मुलाकडे लायसन्स नसेल तर तोही गुन्हा. विम्याशिवाय गाडी चालवण्याचा पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये आणि लायसन्स नसल्याचा ५,००० रुपये. लोक एवढ्याच दंडाची चर्चा करतात. खरा भार पुढे आहे. आजोबांचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकते. तिथे ठरलेली भरपाई द्यायला कोणतीही विमा कंपनी नसते. ती गाडीच्या मालकाला, म्हणजे बहुधा मुलाच्या वडिलांना, स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. रक्कम भरली नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. शेत आणि घर असलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आणि मालकाकडे काहीच नसेल, तर जखमी माणसाच्या हाती फक्त निकालाचा कागद राहतो. मला यातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो. वायर सोडवण्याचा निर्णय ज्याने घेतलाच नाही, त्यालाच स्वतःच्या दवाखान्याचा खर्चही सोसावा लागतो.

याच्या तुलनेत हप्ता पाहा. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत तीन किलोवॅटपर्यंतच्या इलेक्ट्रिक दुचाकीचा थर्ड पार्टी, म्हणजे इतरांना झालेल्या हानीच्या विम्याचा, हप्ता वर्षाला ४५७ रुपये होता.

नोंदणी केलेल्या, विमा असलेल्या स्कूटरमध्ये फेरफार केला असेल तर चित्र थोडे गुंतागुंतीचे होते. इथे पॉलिसीचे दोन भाग वेगळे पाहायला हवेत. थर्ड पार्टी हा कायद्याने सक्तीचा भाग आहे. तो टाळण्यासाठी कंपनीला कोणती कारणे सांगता येतात, याची यादी याच कायद्याच्या कलम १५० मध्ये दिलेली आहे. निव्वळ फेरफार हे कारण त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. मात्र महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, असा मुद्दा कंपनी मांडू शकते. ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग हा निखळ करार आहे. सर्व्हेयर येतो, आरसी आणि पॉलिसीवरचे वर्णन समोरच्या गाडीशी ताडून पाहतो आणि बॅटरी-कंट्रोलर गाडीच्या मूळ उत्पादकाचे नाहीत हे लिहून ठेवतो. असे क्लेम इथेच अडू शकतात.

पण ‘फेरफार आहे, म्हणून क्लेम नाही’ एवढे उत्तर मुकाट्याने स्वीकारू नये. २००३ साली जितेंद्र कुमार यांच्या खटल्यात गाडीला यांत्रिक बिघाडामुळे आग लागली होती. चालकाच्या लायसन्सचा त्या आगीशी संबंध नव्हता, म्हणून त्या मुद्द्यावर क्लेम नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. हाच तर्क धरून तुम्ही विचारू शकता : सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरला मागून टेम्पोने ठोकले, त्यात जास्त व्होल्टच्या बॅटरीचा काय दोष? याउलट त्याच बॅटरीने पेट घेतला असेल, तर तुमची बाजू फारच लंगडी पडेल. आणि नोंदणीच नसेल तर हा तर्क चालणे कठीण. २०१४ च्या नरिंदर सिंग प्रकरणात पॉलिसी चालू होती, पण गाडीची तात्पुरती नोंदणी संपली होती; नोंदणीविना सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणणे हाच कराराचा मूलभूत भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि गाडीच्या नुकसानीचा क्लेम गेला.

फेरफाराचा कायदेशीर मार्गही आहे. पेट्रोलच्या गाडीला मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बसवून आरटीओकडून आरसीवर तशी नोंद करून घेता येते. त्यानंतर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीतही बदल करून घ्यावा. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात.

अपघात झालाच, तर सर्व्हेयर येण्याआधी जुना कंट्रोलर परत बसवून पुरावा झाकू नका. खोटी माहिती दिली की उरलासुरला क्लेमही जातो. गाडी न हलवता फोटो काढा, पोलिसांत आणि कंपनीकडे लगेच कळवा, नकार आला तर कारणासह लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करूनही समाधान झाले नाही, तर आपल्या भागाच्या विमा लोकपाल कार्यालयात एका वर्षाच्या आत दाद मागता येते. त्यासाठी फी नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

आणि तुमच्या घरातल्या ई-बाईकची वायर कोणी सोडवली असेल, तर ती या आठवड्यातच पूर्ववत करून घ्या.