ताकेओ ते जूबा

2017च्या मे महिन्यात जपानच्या स्वसंरक्षण दलाची शेवटची तुकडी दक्षिण सुदानातल्या जूबाहून मायदेशी परतली. तेव्हापासून संयुक्त राष्ट्रांच्या एकाही शांतिमोहिमेत जपानची तुकडी नाही. मुख्यालयात काम करणारे मोजके अधिकारी तेवढे उरले. याच देशाने 2022च्या डिसेंबरात पाच वर्षांत संरक्षणावर 43 लाख कोटी येन खर्चायचं ठरवलं आणि पुढे अमेरिकेकडून 400 टॉमहॉक क्षेपणास्त्रं घ्यायचा करारही केला. क्षेपणास्त्रांना पैसा आहे आणि परक्या मुलखात रस्ते बांधायला एक तुकडी नाही, हे मला फार लागतं. ही माणसं पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा मी नोकरीनिमित्त टोकियोत होतो.

सगळं सुरू झालं आखाती युद्धातल्या अपमानातून. जपानने 13 अब्ज डॉलर मोजले, आणि कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रांत आभाराची जाहिरात दिली, तीत जपानचं नावच नव्हतं. राज्यकर्ते ती जाहिरात पुढे वर्षानुवर्षं उगाळत राहिले. संविधानाचं कलम 9 मात्र युद्धाचा हक्कच सोडून देतं. त्यामुळे 1992च्या जूनमध्ये शांतिमोहिमांचा कायदा आला तेव्हा समाजवादी खासदारांनी मुद्दाम पाऊल पाऊल टाकत एकेक मतदान तासन्‌तास लांबवलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आमचे दोन तट पडायचे. युद्ध पाहिलेली वडीलधारी मंडळी बहुतेक विरोधात असत.

कायद्याने पाच अटी घातल्या: युद्धबंदी झालेली हवी, सगळ्या पक्षांची संमती हवी, निःपक्षपाती राहायचं, यांतलं काही मोडलं तर परत फिरायचं, आणि शस्त्र वापरायचं ते जीव वाचवण्यापुरतंच. तेही स्वतःचा किंवा सोबतच्या सहकाऱ्याचा. गोळी झाडायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. वरिष्ठाच्या हुकमाने शस्त्र चालवण्याची तरतूद 1998 साली आली.

एवढ्या बंधनांत सुमारे 600 जणांची अभियंता तुकडी 1992च्या शरदात कंबोडियातल्या ताकेओला पोचली आणि उखडलेले महामार्ग दुरुस्त करू लागली. मोहिमेचे प्रमुखही जपानीच होते, यासुशी आकाशी. 1993च्या 8 एप्रिलला निवडणुकीच्या कामावरचा स्वयंसेवक आत्सुहितो नाकाता गोळ्यांना बळी पडला. पंचविशीतला मुलगा. त्याच्या वडिलांनी नंतर नोकरी सोडली आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाचे मानद दूत म्हणून ते जगभर फिरले. 4 मेला पोलीस अधिकारी हारुयुकी ताकाता मारले गेले. टोकियोत परत बोलवा, परत बोलवा असा एकच धोशा सुरू झाला. पंतप्रधान मियाझावा बधले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो.

पण मग सरकारने जे केलं त्याची चीड अजून गेलेली नाही. मतदानावर देखरेख करायला 41 जपानी निरीक्षक ताकेओत आले होते. त्यांना संरक्षण द्यायची मुभा कायद्यात नव्हती. म्हणून रस्ते आणि पूल पाहायला जातो असं कागदावर दाखवून सैनिकांना मतदान केंद्रांवरून फिरवलं. हल्ला झालाच, तर आधी स्वतः मध्ये पडायचं, म्हणजे गोळी आपल्यावर येईल आणि मग उलट गोळी झाडणं स्वसंरक्षणात बसेल. विशी-तिशीतल्या पोरांना हे सांगितलं गेलं. नशिबाने ताकेओतलं मतदान सुखरूप पार पडलं, आणि टोकियोतल्या पुढाऱ्यांना कायद्यातली पळवाट उघडपणे मांडून वाद घालायची गरज उरली नाही. तिथेच घात झाला.

मधली वर्षं मी भरभर ओलांडतो. मोझांबिक, गोमा, 1996 ते 2013 गोलान टेकड्या, पूर्व तिमोर. कामं चोख झाली, बातम्या होण्यासारखं थोडंच घडलं. इराकमधलं समावा ही तर संयुक्त राष्ट्रांची मोहीमही नव्हती. तिथे पाणी शुद्ध करणाऱ्या जपान्यांभोवती पहारा आधी डच सैन्याचा होता.

दक्षिण सुदानात जुनं दुखणं उलटलं. 2013च्या डिसेंबरात बोरमध्ये वेढल्या गेलेल्या दक्षिण कोरियाच्या तुकडीला जपानने संयुक्त राष्ट्रांमार्फत 10,000 काडतुसं दिली. त्याच महिन्यात अकोबोच्या तळावर हल्ला झाला, त्यात आपले दोन भारतीय जवान गेले. एप्रिलमध्ये गुमुरुकजवळ पाच गेले होते. अशा जागी युद्धबंदी आहे, असं टोकियो सांगत राहिलं. 2016च्या जुलैत जूबात तोफा धडाडल्या. तुकडीच्या रोजच्या नोंदींत लढाई हा शब्द होता, कारण ती लढाईच होती. तो मान्य केला तर पाच अटींप्रमाणे परतावं लागलं असतं. म्हणून त्या नोंदी नष्ट केल्या, असं सांगितलं गेलं. त्या पुढे सापडल्या, आणि 2017च्या जुलैत संरक्षणमंत्री इनादा यांना पायउतार व्हावं लागलं.

कलम 9 वर खापर फोडणारे मला पटत नाहीत. त्या चौकटीत कंबोडियातले रस्ते झाले, पूर्व तिमोरमधले झाले. आजही जपानी सैनिक केनियात जाऊन आफ्रिकी देशांच्या सैनिकांना बुलडोझर आणि एक्सकॅव्हेटर चालवायला शिकवतात. म्हणजे कसब शाबूत आहे. पुन्हा तुकडी पाठवायची असेल तर अटी संसदेत उघड वाद करून ठरवा, आणि त्या जागी रोज काय घडतंय ते लपवणार नाही याची लेखी हमी आधी द्या. मियाझावांच्या काळात ही हमी मागायला हवी होती. आता तरी विरोधी पक्षांनी ती मागावी.