विश्लेषण : वादळात कोणते झाड पडेल, हे आधी ओळखता येते का?

पावसाळा तोंडावर आला की झाड कोसळून वाहने चिरडल्याच्या, पादचारी दगावल्याच्या बातम्या सुरू होतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली आणि शहरात शेकडो झाडे पडली. अशा दुर्घटनेनंतर दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. धोका दिसत असताना झाड का तोडले नाही, ही पहिली. दुसरी म्हणजे धास्तीने आजूबाजूच्या धडधाकट झाडांवरही कुऱ्हाड चालवणे. या दोन्ही चुका टाळण्यासाठी झाड तपासण्याचे एक शास्त्र आहे. ते काय सांगते?

झाड पडते म्हणजे नेमके काय होते?

झाड तीन प्रकारे दगा देते. मुळांची पकड सुटून ते उन्मळते, खोड मध्येच मोडते किंवा फांदी तुटते. पर्णसंभार वाऱ्यापुढे शिडासारखे काम करतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. फांद्या वाकतात, पाने मिटतात, त्यामुळे झाडावरचा भार प्रत्यक्षात काहीसा कमी वाढतो. मात्र सततच्या पावसाने जमीन भिजून मऊ झाली असेल, तर एरवी सहज सोसलेला वाराही झाड मुळासकट उपटू शकतो.

पोकळ झाड धोकादायकच असते का?

नाही. खोड वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या थरावर येतो, गाभ्यावर फारच कमी. पोकळ लोखंडी नळी भरीव कांबीपेक्षा हलकी असूनही भार पेलते, ते याच कारणाने. ६० सेंटिमीटर व्यासाच्या गोल खोडात मधोमध ३० सेंटिमीटरची पोकळी असेल, तर वाकण्याला विरोध करण्याची ताकद गणिताने जेमतेम ६ टक्क्यांनी घटते. पोकळी ४२ सेंटिमीटरची झाली तर घट २४ टक्के होते. ती ५४ सेंटिमीटरवर गेली आणि भोवती केवळ तीन सेंटिमीटरचे कवच उरले, तर सुमारे ६६ टक्के ताकद गेलेली असते. म्हणजे धोका सुरुवातीला हळू आणि शेवटी झपाट्याने वाढतो.

जर्मनीतील कार्ल्सरुहचे संशोधक क्लाउस मॅटहेक यांनी मोडलेल्या आणि उभ्या झाडांची मोजमापे घेऊन १९९०च्या दशकात एक ठोकताळा मांडला : उरलेल्या कवचाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या ३० टक्क्यांहून कमी झाली की सावध व्हावे. मात्र पोकळी एका बाजूला असेल किंवा तिला मोठे तोंड असेल, तर हे गणित बिघडते. उलट छाटणीने झाडाचा विस्तार कमी झाला असेल, तर पातळ कवचही तग धरते. त्यामुळे हा आकडा इशारा मानला जातो, निवाडा नव्हे.

झाडाची जखम भरते का?

माणसाच्या कातडीसारखी नाही. अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले, की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याभोवती आतून भिंती घालून त्याला कोंडते आणि बाहेर नवे लाकूड चढवते. म्हणूनच ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धत आता चुकीची मानली जाते. सिमेंटने बळ येत नाही, शिवाय ओल आत कोंडून राहते. जाड फांदी भलत्या जागी छाटली, तर ही भिंत उभी राहण्याआधीच बुरशी खोडात शिरते.

तज्ज्ञ कुठे पाहतात?

आपण शेंड्याकडे पाहतो, तज्ज्ञ आधी बुंध्याशी वाकतात. झाडात पाणी सालीलगतच्या लाकडातून चढते. त्यामुळे गाभा आणि आधार देणारी मुळे कुजलेली असतानाही वर पाने हिरवीगार राहू शकतात. बुंध्याशी उगवलेली टणक, फळीसारखी अळंबी म्हणूनच गंभीर खूण ठरते. मुळांजवळची जमीन उचलली गेली आहे का, तिला भेगा पडल्या आहेत का, खोडाला उभी चीर आहे का, हेही पाहिले जाते. दोन जाड खोडांच्या अरुंद बेचक्यात साल दबली असेल, तर तो सांधा कच्चा असतो. झुकलेले झाड दरवेळी धोकादायक नसते. वर्षानुवर्षे कललेले आणि शेंडा पुन्हा सरळ केलेले झाड सावरलेले असू शकते. कालपर्यंत सरळ आणि आज कललेले झाड मात्र तातडीची बाब आहे.

यंत्रे काय सांगतात?

संशय आला की लाकडी हातोड्याने खोड ठोकून आवाज ऐकला जातो. त्यानंतर खोडाभोवती संवेदक लावून ध्वनिलहरींच्या वेगावरून आतल्या कुजीचा नकाशा काढता येतो. बारीक सुई खोडात फिरवत नेऊन लाकडाचा विरोध मोजता येतो. मुळांसाठी ओढ-चाचणी असते : दोराने झाडाला मर्यादित ताण देऊन बुंधा किती हलतो, हे मोजतात.

मग अंदाज खात्रीचा असतो का?

झाड कोणत्या दिवशी पडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’च्या पद्धतीत ठरावीक कालावधीसाठी झाड मोडण्याची शक्यता असंभव, शक्य, संभाव्य आणि आसन्न अशा चार पायऱ्यांत मांडतात. सोबत आणखी दोन प्रश्न असतात. झाड पडलेच तर कोणावर पडण्याची शक्यता आहे? आणि परिणाम किती गंभीर असेल? माळावरचे पोकळ झाड आणि बसथांब्यावरचे तसेच झाड यांचा दोष एक असला, तरी जोखीम एक नसते. त्यामुळे तोडणे हा एकमेव उपाय उरत नाही. विस्तार हलका करणे, आधार देणे, झाडाखालचा बाक किंवा पार्किंग हलवणे, हेही उपाय आहेत.

आपल्या शहरांत गणित कुठे बिघडते?

बहुतेकदा जमिनीखाली. केबल, गटार किंवा पदपथासाठी खणताना एका बाजूची जाड मुळे तुटतात, वरून काँक्रीट ओतले जाते आणि खूण बुजते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो झाडांची ही घुसमट पाहूनच. एकाच बाजूच्या फांद्या उडवल्याने तोलही जातो.

महाराष्ट्रात १९७५च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते. जीविताला धोका असल्याचे कारण हा कायदा मान्य करतो, पण धोका आहे हे ठरवायला तपासणी हवी. सोसायटीच्या आवारात झाड असेल, तर मे महिन्यात फांद्या मोजण्याआधी बुंध्याशी जाऊन पाहावे. अळंबी, भेग, उचललेली माती किंवा नवा कल दिसला तर छायाचित्र काढून तारखेसह ठेवावे, झाडाखालची वर्दळ थांबवावी आणि पालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवावे. गेल्या वर्षीच्या छायाचित्राशी तुलना करता आली, तर तज्ज्ञाचे निम्मे काम सोपे होते.