पन्नी, मायक्रॉन आणि ग्रॅम

पन्नीविरुद्धचा, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीविरुद्धचा, प्रत्येक कायदा गेल्या वीस वर्षांत नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून फिरून गेला. 2005 च्या मुंबईतल्या महापुरानंतर राज्याने 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. देशाची मर्यादा 2011 मध्ये 40, 2016 मध्ये 50, 2021 मध्ये 75 आणि 2022 सरताना 120 झाली. 23 जून 2018 पासून तर राज्याच्या प्लास्टिकबंदीत पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड. दर वेळी काही दिवस कापडी थैल्या निघाल्या, मग कोथिंबिरीच्या जुडीखालून पन्नी पुन्हा वर आली.

मायक्रॉन वाढवण्यामागचा विचार चुकीचा नव्हता. कचरा वेचणाऱ्या बाईला पैसे वजनावर मिळतात. पिशवी जाड असली तरच ती वाकून उचलणे परवडते. जून 2019 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात सांगितले की, राज्यात रोज दुधाच्या एक कोटी पिशव्या, म्हणजे 31 टन प्लास्टिक, रस्त्यावर पडते. भागाकार करून पाहा: एक पिशवी जेमतेम तीन ग्रॅमची. किलो भरायला सव्वातीनशे लागतात. पाण्याच्या बाटल्या पन्नास-साठ पुरतात, म्हणून बाटली उचलली जाते आणि पिशवी तिथेच राहते. राज्याच्या 2018 च्या बंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे परतीची तरतूद होती; वर्षभरानंतरही ती कागदावरच होती. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला देणाऱ्या गृहिणींनी सरकारच्या आधीच ही योजना चालवली होती, असे मला वाटते.

कारण खरी मेख धुण्यात आहे. दुधाची पिशवी सबंध पॉलिथिनची असते. ती वितळवून दाणा होतो, दाण्यातून काळे पाइप आणि कचऱ्याच्या पिशव्या. जाळली तर किलोमागे तीन किलोंवर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दाणा केला तर तो टळतो आणि नव्या पॉलिथिनचा खर्चही वाचतो. पण स्निग्ध, आंबट धुवण कुठेतरी सोडावेच लागते. ब्रिटनमधल्या एका पुनर्प्रक्रिया कारखान्याच्या 2023 च्या अभ्यासात तर धुण्याच्या पाण्यातच प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात सापडले. एवढे असूनही माझा कौल दाण्यालाच. भांडेवाडीच्या कचराडेपोतल्या ढिगापेक्षा तो केव्हाही बरा. चिप्सच्या चकाकत्या पुडीला मात्र हा मार्ग नाही. तिचे थर सुटत नाहीत, त्यामुळे फार तर ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाते.

2022 च्या केंद्रीय नियमांनी बाटली आणि पिशवी यांतला हा फरक एकदाचा मान्य केला. 2024-25 साठी कडक प्लास्टिकच्या पुनर्प्रक्रियेचे लक्ष्य 50 टक्के आणि पिशव्या-वेष्टनांचे 30. 2027-28 पर्यंत ते 80 आणि 60 व्हायचे आहे. ही जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांची.

गुटख्याच्या प्लास्टिक पुड्या 2011 मध्येच बंद झाल्या, पण नागपूरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा अजून पन्नीतच घोटला जातो. त्या पन्नीवर कुठल्याही कंपनीचे नाव नसते, त्यामुळे ती या टक्क्यांत कुठेच धरली जात नाही.